एबेन क्विलची पाठ

शनिवारी संध्याकाळी गावातल्या एकमेव रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नसे. सगळे घरात, टीव्हीपुढे. तिथल्या मालिकेत एबेन क्विल नावाचा बुटका चष्मेवाला पेटीभर भिंगं घेऊन वस्त्यावस्त्यांतून हिंडायचा. कमरेला पिस्तूल नाही, आवाजात जरब नाही. तरी शेवटी गुंडांची खोड तोच मोडायचा. मग घोडीवर बसून डोंगराच्या दिशेने एकटाच निघून जायचा. दर भाग त्या पाठमोऱ्या स्वारावर संपायचा.

ती पाठ ट्वायला हॅचची होती.

क्विलचं काम करणारा डेन्टन पेज न्यूयॉर्कच्या नाटकांतून आलेला. बोलायला लागला की माणसं गप्प होत, पण घोडा दिसला की तो चार पावलं मागे सरके. "ही घोडी माझ्याकडे अशी बघते, जणू मी तिच्या बहिणीला पळवून आणलंय," तो म्हणायचा. त्याच्या चणीचा स्वार काही मिळेना, तेव्हा चित्रीकरणाचे घोडे सांभाळणाऱ्या गसने ट्वायलाला बोलावणं धाडलं.

"केस टोपीत कोंब आणि तोंड उघडू नकोस. मागून तू त्याच्याहून जास्त पुरुष दिसतेस."

"आणि पुढून?"

"पुढून बघायला तुला बोलावलंच नाही, बाई."

ट्वायला हसली आणि कोट चढवला. तिशी उलटली होती, लग्न झालं नव्हतं, आणि घोड्यावर बसण्याखेरीज तिला मनापासून काही येत नव्हतं.

घरी मात्र तिने वेगळंच सांगितलं होतं. तिचा धाकटा भाऊ डेल याच सिनेमावाल्यांच्या कामावर घोड्याखाली सापडून गेला होता. त्या दिवशी तिचा बाप रॉस्को म्हणाला होता, "या घरातल्या कुणी पुन्हा त्यांच्यासाठी रिकिबीत पाय घातला, तर त्याने परत या दारात येऊ नये." रॉस्को बोललेलं मागे घेणारा माणूस नव्हता. आयुष्यभर खेचरांवर सामान लादून त्याने डोंगर ओलांडले होते. आता कंबर मोडल्याने खुर्चीत होता. दुसरं दार ट्वायलाला नव्हतं. म्हणून ती सांगायची, सिनेमावाल्यांच्या स्वयंपाकात सँडविच करते. परतताना वाटेत गाडी थांबवून ती तळहातांवर कांदा चोळायची. खोगीर तिचं स्वतःचंच होतं, ते घोंगडीत गुंडाळून गाडीत ठेवलेलं असायचं.

शनिवारी बाप खुर्ची टीव्हीजवळ ओढून घ्यायला लावायचा.

"बघ, बघ त्याची मांड! असं बसावं घोड्यावर."

"आणि मी कशी बसायचे, डॅडी?"

"तू? पिठाच्या पोत्यासारखी."

ती घेवड्याचं भांडं ढवळायला आत जायची. पाठीमागे शेवटची धून वाजत असायची.

ते शेवटचं दृश्य काढताना कॅमेरा खाली लांब राहायचा. जायचं, जातच राहायचं. थांब म्हणून कुणी ओरडलं तरी तिथवर ऐकू यायचं नाही. लाल खडकांपलीकडे गेल्यावर ती उतरायची, घोडीला टेकून थोडा वेळ उभी राहायची. वारा आणि घोडीचा श्वास, बाकी काही नाही. ती परतेपर्यंत खाली तंबू उतरवायला लागलेले असत. तिची वाट पाहत कुणी नसायचं. पाठीचीच तर गरज होती.

मालिका बंद करायचं ठरलं. शेवटच्या भागात क्विलने चढणीवरच घोडीवर बसावं आणि निघून जावं, असं दिग्दर्शकाला हवं होतं. गसने बजावलं, "डावीकडून चढ. सगळे डावीकडूनच चढतात." पण डावी बाजू उताराची होती. डोंगरातल्या खेचरवाल्यांच्या घरी मूल चालायला लागलं की शिकतं, नेहमी चढाच्या बाजूने चढायचं, नाहीतर खोगीर पोटाखाली फिरतं. ट्वायलाचे पाय आपोआप घोडीला वळसा घालून उजवीकडे गेले. पालथा हात तिने क्षणभर घोडीच्या मानेवर ठेवला. रॉस्को तसा ठेवायचा. दोन्ही पोरांना त्यानेच शिकवलं होतं.

उतरल्यावर तिला चूक कळली. "पुन्हा घेऊ या," ती गसला म्हणाली.

"ऊन गेलं. आणि शेवटचाच भाग आहे, कोण बघतंय एवढं?"

कोण बघतंय ते तिला ठाऊक होतं.

तो भाग लागला त्या शनिवारी ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. पडद्यावर क्विल घोडीला वळसा घालून उजवीकडे आला. मानेवर पालथा हात. मग खोगीर, मग चढण, मग पाठ. रॉस्को 'बघ बघ' म्हणाला नाही. धून संपली, साबणाची जाहिरात लागली.

"बंद कर."

तिने बटण फिरवलं. पडद्यावरचा उजेड आकसत एक ठिपका झाला, मग तोही गेला. बाप आता दाराकडे बोट दाखवणार, याची ती वाट बघत राहिली.

"कांदा फार चिरावा लागतो का गं तिथे?"

"हो."

"हं." त्याची नजर काळ्या काचेवरच होती. "त्या गड्याला सांग, डावी रिकीब एक भोक वर घे म्हणावं. कंबर कलते त्याची. पडेल एखाद दिवशी."

"सांगते, डॅडी."

"मला आजच दिसलं असं सांगू नकोस. पहिल्या भागापासूनच दिसत होतं."

ट्वायलाने दाराची चौकट धरली. इतके सगळे शनिवार. इतक्या वेळा 'असं बसावं घोड्यावर'.

"पण ते संपलं, डॅडी. तो आता नाही येणार."

"ठाऊक आहे मला. तरी सांग."

घेवडा गार होईपर्यंत दोघं आपापल्या जागीच राहिली, तो खुर्चीत, ती दारात.

सकाळी खडकांजवळ सिनेमावाल्यांच्या ट्रकांच्या चाकोऱ्या तेवढ्या उरल्या होत्या. ट्वायलाने गाडीतून खोगीर आणून बापाच्या म्हाताऱ्या खेचरावर आवळलं आणि डावी रिकीब एक भोक वर घेतली. घरामागच्या उतारावर ती चढाच्या बाजूने चढली. मागे खिडकीत खुर्ची असणार होती. कदाचित रिकामी, कदाचित तीत बापही असेल. तिने वळून पाहिलं नाही. ताठ बसून, पाठ दिसेल अशी, ती डोंगराकडे जात राहिली.