दुसऱ्या गियरचा चहा

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी पुण्याजवळच्या आमच्या कंपनीत सॉसच्या एका नव्या नमुन्याची चव घेत उभी होते. आईचा फोन आला. "बाबांचं तोंड वाकडं झालंय. महाडला नेतोय," एवढंच ती म्हणाली आणि फोन शेजारच्या काकांच्या हातात गेला. मी चमचा धुऊन जागेवर ठेवला, एप्रन काढला आणि निघाले.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. आमचं घर पोलादपूरला, आणि त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षं आंबेनळी घाटात, उतारावर गाडी दुसऱ्या गियरात सावकाश उतरवत गेली. मोठ्या आवाजाचा, बोलका माणूस. मी महाडच्या कॉलेजात केमिस्ट्री घेतली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एमआयडीसीत जाणारे टँकर आले.

"म्हणजे त्या टँकरातला माल काय? वास मारतो गो त्याला."

"सगळ्याला नाही मारत, बाबा."

"मग शिक," ते म्हणाले. आमच्याकडे पुढच्या शिक्षणावर झालेली चर्चा एवढीच.

एम.एस्सी.ला मुंबईला विद्यापीठात गेले. तिथे आम्हाला प्रॅक्टिकलला एक बाई होत्या. काचेच्या बारीक नळीतून द्रव खाली सोडायचा आणि एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत यायला त्याला किती वेळ लागतो ते मोजायचं, असा एक प्रयोग होता. पाणी, मग साखरेचं पाणी, मग ग्लिसरीन. बाकीची मुलं कंटाळायची. मला त्या नळीसमोर तासन्‌तास बसायला आवडायचं. एकदा मी बाटली हलवून "हे जास्त दाट आहे" असं म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "डोळ्यांनी ठरवू नकोस. त्याला वाहू दे, मग सांग." पुढे माझी सगळी नोकरी त्या वाक्यावर चालली.

बरोबरच्यांपैकी बरेचजण औषधांच्या कंपन्यांत गेले, काही महाडलाच परतले. मी खाण्याच्या पदार्थांच्या कंपनीत नवे पदार्थ तयार करणाऱ्या विभागात लागले. काम ऐकायला सोपं वाटतं. सॉस बाटलीतून सहज पडायला हवा, पण भज्यावरून ओघळून जाता कामा नये. खिरीच्या पाकिटातल्या पिठाच्या गुठळ्या व्हायला नकोत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, करून बघायचं, चुकलं तर मागे यायचं. घरी कुणी विचारलं की बाबा सांगायचे, "पोर माझी दाट-पातळ करते." त्यांना ते फार विनोदी वाटायचं.

बाबा जगले. उजवा हात गेला, बोलणं जड झालं, पण माणूस शुद्धीवर होता. हॉस्पिटलात गिळण्याचे व्यायाम शिकवणारी एक तरुण थेरपिस्ट होती. बाबांना चमचाभर पाणी दिलं की ठसका लागायचा, चेहरा लालबुंद व्हायचा. तिने मला बाजूला घेऊन समजावलं. "पाणी फार वेगानं खाली धावतं. यांचा घसा तेवढ्या वेगानं बंद होत नाही, म्हणून ते फुप्फुसात उतरतं. दाट असेल तर सावकाश जाईल. यापुढे पाणी, चहा, ताक, काहीही पातळ द्यायचं नाही."

मी मान हलवत होते. आयुष्यभर जे मोजलं तेच ती सांगत होती, फक्त नळीच्या जागी माझ्या बापाचा घसा होता.

दाट करायची पावडर तिनेच आणून दिली. त्या पावडरीने चहाचा राखाडी लगदा व्हायचा. बाबांनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि डाव्या हाताने माझा हात ढकलला. दुसऱ्या दिवशी तोंडच उघडेनात. घरी आणल्यावर आईने पेज भरवली, केळं कुस्करून दिलं, ते खायचे. पण चहा म्हणजे त्यांचा जीव. घाट चढण्याआधी एक आणि उतरल्यावर एक, असा जन्म गेलेला. सकाळी आई स्वतःचा चहा उकळायची तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचे. शेवटी आईने सकाळचा चहा करणंच सोडून दिलं.

मी सुट्टी वाढवून घेतली आणि ओट्यापाशी उभी राहिले. पहिल्यांदा कॉर्नफ्लोअर घालून चहा शिजवला. चव बरी होती, बाबांनी घेतला. पण अर्धा कप झाल्यावर तो पातळ होऊ लागला आणि एकदम ठसका लागला. आई घाबरून त्यांची पाठ चोळत राहिली. मी कपाकडे बघत होते. चमच्याबरोबर लाळ कपात जात होती आणि लाळ पिठाला फोडते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्ही पिठाच्या पाण्यात आयोडीन टाकायचो, ते निळं व्हायचं. मग लाळ घातली की तो निळा रंग हळूहळू उडायचा. तेव्हा आम्ही वर्गात टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणजे पीठ चालणार नव्हतं. लाळेला दाद न देणारा डिंक हवा होता, जो आम्ही सॉसमध्ये वापरायचो. कंपनीतल्या साहेबांना फोन करून त्याची थोडी पावडर मागवली. थेरपिस्टला विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ती घरी येऊन सिरिंजमधून चहा खाली सोडायची, किती वेगानं उतरतो ते तपासायची आणि "अजून थोडा" किंवा "हा जास्त झाला" असं सांगायची. डिंक जास्त झाला की घशात तार धरायचा. थेट दुधात घातला की गोळे व्हायचे. साखरेत कोरडाच मिसळून मग टाकला तेव्हा जमला. आलं मात्र नेहमीपेक्षा खूप जास्त लागायचं, कारण दाटपणा चव झाकतो.

त्या दिवशी बाबांनी चमचा ओठांत धरला, गिळला, आणि थांबले. आम्ही दोघी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. ठसका लागला नाही. मग जड जिभेने, तुकड्यातुकड्याने ते बोलले, "दुसऱ्या... गियरात... उतरतो."

आई हसली. आजारपणात तिला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

मी कामावर परतले. दर रविवारी यायचे, आठवड्याची पावडर मोजून पुड्या करून ठेवायचे. थंडी सुरू होईपर्यंत बरं चाललं होतं. मग ते उतरत गेले. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. डॉक्टर म्हणाले की लाळही आत उतरतेय, ती काही दाट करता येत नाही. जेवण कमी झालं. चहाही नको म्हणू लागले. एका रविवारी मी चमचा पुढे केला तर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाय, पाणी दे."

मी दाट केलेलं पाणी आणलं. त्यांनी तोंड फिरवलं.

"ह्ये नाय. साधं."

चहात आलं घालता येतं, साखर घालता येते. पाण्यात काही घातलं की ते पाणी राहत नाही. इतकी वर्षं मी जे शिकले, जे करून पोट भरलं, त्यात या एका गोष्टीला उत्तर नव्हतं.

आईने डॉक्टरांना विचारायला लावलं. ते फोनवर म्हणाले, "आता त्यांना जे हवं ते द्या. तोंड आधी स्वच्छ करा. उठवून बसवा. चमच्याचमच्यानं द्या." आईने माठातलं पाणी वाटीत घेतलं. मी बाबांना पाठीमागून धरून बसवलं. ठसका लागला, पण त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. वाटीतलं अर्धंअधिक पाणी त्यांनी घेतलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून पडून राहिले.

त्याच आठवड्यात ते गेले. पाण्यामुळे गेले का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते नाही म्हणाले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय.

कंपनीत साहेबांनीच विषय काढला. अशी माणसं घरोघरी असतील, आपण ही पावडर नीट तयार करू या, असं ते म्हणाले. मग पुन्हा तेच काम, प्रयोगशाळेत, हॉस्पिटलांमध्ये, परवानग्यांसाठी. चहात, डाळीत, ताकात नमुने करून बघायचे, आणि प्रत्येकाची चव मी घ्यायची. पहिल्या काही चहांच्या वेळी मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. पुढे सवय झाली, आणि सवय झाली याचंही वाईट वाटलं. आमच्या पावडरीचा डबा बाजारात आला तेव्हा मी एक घरी आणला. आईने तो हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. "चांगला झालाय. घरात नको ठेवूस."

मागच्या महिन्यात तिच्या चष्म्यासाठी आम्ही दोघी महाडला गेलो होतो. तिच्या गोळ्या घ्यायला मेडिकलमध्ये थांबलो, तर पुढे एक वयस्कर गृहस्थ तोच डबा घेऊन दुकानदाराला विचारत होते, की हा चहात कालवायचा कसा, बायको घेत नाही, थुंकते. दुकानदार डब्यामागचं वाचून दाखवत होता. मी पुढे होणार तेवढ्यात आईच बोलली.

"दादा, तुम्ही सोताबी तोच प्या. तिच्यासमोर बसून."

ते गृहस्थ वळले.

"पोर कामावर गेल्यावर आमचे हे पण नाय घ्यायचे. मंग मी माझ्या कपात पण तसाच कालवायला लागले. दोघं बरोबर प्यायचो. एकट्या माणसाला नाय जात तो."

मला हे माहीत नव्हतं. पुड्या लवकर संपायच्या, तेव्हा मला वाटायचं आई जास्त घालते, आणि मी दर रविवारी तिला चमच्याचं माप पुन्हा पुन्हा समजावून सांगायचे. ती ऐकून घ्यायची.

ते गृहस्थ हात जोडून गेले. आईने गोळ्या पिशवीत टाकल्या आणि रस्ता ओलांडायला माझा दंड धरला.