अर्ध्या सुकतीची साक्ष

खटल्याचे कागद कोर्टाच्या कपाटात बंद होतात. परंतु त्या खटल्याविषयी लोक जे बोलले, ते कुठल्याच कपाटात मावत नाही. एक किस्सा सांगावा, तर त्याच्या पाठोपाठ दुसरा दार ढकलून आत येतो. आमच्या खाडीकाठच्या गावातील वाचनालयात त्या वर्षी मी रोज सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे. एम. ए. होऊनही नोकरी न लागलेल्या माणसाला गावाने नेमून दिलेले ते काम होते. पुढील किस्से मी स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले आहेत, एवढीच ग्वाही देतो. त्यांतून सत्य काय निघते, ते कृपया मला विचारू नये. मी तेव्हाही गोंधळलेला होतो, आजही आहे.

मूळ हकिगत थोडक्यात अशी. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि आपल्याकडे दारूबंदीचा अंमल कडक होता. एका सकाळी आमच्या भागाचे फौजदार खाडीच्या दक्षिण तीरावर, कड्याच्या पायथ्याशी, डोके फुटून मेलेले आढळले. आठच दिवसांपूर्वी त्यांनी दारूच्या संशयावरून विठू तारी याची होडी जप्त केली होती, आणि विठूने बंदरावर चारचौघांसमोर "बघून घेतंय" असे त्यांना ऐकवले होते. विठूला अटक झाली. खटला रत्नागिरीच्या सेशन कोर्टात उभा राहिला. गुन्हा शाबीत झाला असता, तर फाशीच होती. विठूची बायको सुभद्रा हिची सासू अंथरुणाला खिळलेली. तिला रत्नागिरीला जाऊन राहणे अशक्य होते. म्हणून ती रोज वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसे आणि नवऱ्याच्या जिवाचे काय होत आहे, ते माझ्या वाचनातून ऐके.

*

पहिल्याच दिवशी मी वाचले, "आरोपीने फौजदारांना धमकी दिल्याचे साक्षीदाराने ऐकले." आणि लगेच माझ्या परीने खुलासा केला, "हे साक्षीदाराचे म्हणणे आहे. ते अद्याप सिद्ध झालेले नाही." पुढच्या वाक्यानंतर पुन्हा तोच खुलासा. त्याच्या पुढच्या वाक्यानंतरही तोच.

पाचव्या खुलाशाला वाचनालयाचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक दाजी मास्तर, टेबलावर हात आपटून उभे राहिले.

"अरे एमे! तू छापलेला वाचतंस, की वाचलेला पुसतंस?"

सगळे हसले. पायरीवरून सुभद्रेचा आवाज आला, "पुसूंदे, मास्तरानू. माका तेवढाच बरा वाटता."

त्यानंतर माझ्या खुलाशांना कोणी हरकत घेतली नाही.

*

डॉक्टरांची साक्ष झाली. मृत्यू सकाळी सात ते आठच्या दरम्यान झाला, असे त्यांनी सांगितले. जखम "जड व बोथट वस्तूने" झालेली असावी, किंवा कड्यावरून खाली पडूनही झालेली असू शकेल, असेही त्यांनी पुढे सांगितले. दुर्दैवाने वाक्याच्या उत्तरार्धापर्यंत लोक थांबले नाहीत!

दुसऱ्या दिवशी मी बंदरावर गेलो, तर पाच होड्या किनाऱ्याला लागलेल्या आणि एकीतही वल्हे नाही. घरोघरची मुसळेही गवताच्या गंजीखाली गेलेली. पलीकडे जाणारी माणसे ताटकळत उभी होती. प्रत्येक नाखवा दुसऱ्याकडे बोट दाखवत होता.

दाजी मास्तरांनी हा प्रकार पाहिला आणि म्हणाले, "ह्या गावात सगळ्यात जड आणि बोथट वस्तू म्हणजे आपली ग्रामपंचायत. ती खंय लपवतले?"

*

फौजदारांसोबतच्या कॉन्स्टेबलने साक्षीत सांगितले की साहेब कड्याकडे एकटेच पुढे गेले, आणि तो स्वतः त्या वेळी बंदरावरील हॉटेलात चहा पीत होता. बंदरावर हॉटेल एकच, गणूचे. गणूने त्याच दिवशी फळीवर खडूने लिहिले : "कोर्टात नमूद झालेले हॉटेल."

गणू तेव्हा सरकारपक्षाचा खंदा समर्थक होता. "विठूनच केल्यान! पोलीस खोटा कित्याक बोलतलो?" असे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारी.

तीन दिवसांनी कॉन्स्टेबलचा उलटतपास झाला. चहाला किती वेळ लागला, असे बचावाच्या वकिलांनी विचारले. कॉन्स्टेबलने उत्तर दिले, "चहा इतका पाणचट होता की अर्धा टाकून उठलो."

मी हे वाचले आणि नजर वर केली. गणूचा चेहरा पांढरा पडला होता. तो सावकाश उठला. "फौजदार मेलो, तेचा माका वायट वाटता. पण सरकारी साक्षीदार धडधडीत खोटा बोलता, ह्या आज सिद्ध झाला!"

त्या दिवसापासून विठू निर्दोष असल्याचे गणू सर्वांना पटवू लागला आणि पुरावा म्हणून समोर एक कप चहा ठेवू लागला. पुरावा कोणत्या बाजूचा, हे गिऱ्हाईक प्यायल्यावर ठरवी.

*

पाववाला इनास याची गोष्ट मात्र सांगताना मला अजून हसावे की नाही, ते कळत नाही.

वर्तमानपत्रांचा गठ्ठा एस. टी.तून त्याच्या बेकरीसमोरच उतरे. त्यामुळे बातमी त्याला माझ्याआधी कळे. सुभद्रा रोज त्याच्याकडून चार पाव घेऊन मग वाचनालयात येई. साक्ष विठूच्या बाजूची असली, तर इनास मोजून चार पाव देई. विरुद्ध असली, तर काही न बोलता सहा बांधून देई. बातमी तोंडाने सांगण्याचे धैर्य त्याला नव्हते. काही दिवसांत सुभद्रेला पुडक्याच्या वजनावरूनच त्या दिवसाची साक्ष कळू लागली.

एके सकाळी इनासने आठ पाव दिले.

सुभद्रा धावतच वाचनालयात आली. पदर सुटलेला, चेहरा विझलेला. पुडके माझ्या टेबलावर ठेवून ती एवढेच म्हणाली, "भाऊ, फाशी झाली काय?"

मी गठ्ठा सोडला. खटल्याची बातमीच नव्हती. कोर्टाला सुट्टी होती. तेवढ्यात पिठाने माखलेला इनास धापा टाकत पायऱ्या चढला.

"अगो सुभद्रा! माज्या भयणीक झील झालो, पोरगो! ते खुशयेचे पाव गो, खुशयेचे!"

सुभद्रेने टेबलावरचे पुडके पुन्हा हातात घेतले. मग डोळे पुसत ती म्हणाली, "इनासबाब, पुढच्या खेपेक खुशी झाली तर आदी बोंब मार, आणि मगे पाव दे!"

*

साक्षी जसजशा पुढे गेल्या, तसतसे गाव अधिकच संभ्रमात पडले. अखेरीस लोकांनी देवीला कौल लावण्याचे ठरवले. आमच्याकडे देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना फुलाच्या कळ्या लावतात. गुरव गाऱ्हाणे घालतो आणि उजवी कळी पडली, तर देवीचा होकार समजतात.

सुभद्रेच्या वतीने गुरवाने गाऱ्हाणे घातले : "हिच्या घोवान ह्या पाप केलेला नसात, तर उजवी दी गे माये!" सर्वांनी "व्हय म्हाराजा" म्हटले. उजवी कळी पडली. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

तेव्हा गुरवच अवघडून म्हणाला, "एक सांगूक होया. काल फौजदाराची बायको येवन गेली. तिचो कौल वायलो होतो. 'ज्याका धरलाहा तेनाच माज्या घोवाक मारल्यान असात, तर उजवी दी.'"

"मगे?"

"तेवाय उजवीच पडली."

एका देवीने चोवीस तासांत दोन विरुद्ध होकार दिले होते! दाजी मास्तर गुरवावर उखडले, "ह्याचो अर्थ काय लावतलंस तू?"

गुरव गाभाऱ्याकडे बघत म्हणाला, "अर्थ माका काय कळता, मास्तरानू? दोन बायलो रडत इल्यो. माय ती. आवशीन दोघींकाय नाय म्हणूक नाय."

*

बचावपक्षाची एकच महत्त्वाची साक्षीदार होती : पारूमावशी. वय साठीच्या आसपास. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडपांत, म्हणजे खडकांत, बसून शिंपल्यांतली कालवे काढणे हा तिचा आयुष्यभराचा धंदा. त्या सकाळी उत्तर तीरावर आपण कालवे काढत असताना, विठू तिथेच जाळे सांधत बसलेला आपण पाहिला, असे ती सांगणार होती. फौजदार मेले दक्षिण तीरावर. म्हणजे विठूचा जीव तिच्या साक्षीवर होता.

वर्तमानपत्रात छापून आले : "साक्षीदार पार्वती हिला वेळ निश्चित सांगता आली नाही."

सुभद्रेने डोके खांबाला टेकले. त्याच दुपारी पारूमावशी स्वतः एस. टी.तून उतरली आणि बातमी ऐकून भडकली.

"माका वेळ सांगूक येवक नाय? मी साफ सांगितलंय, अर्धी सुकती झालेली! तर सरकारी वकील इचारता, घड्याळात किती वाजलेले? मी म्हटलंय, माज्याकडे घड्याळ नाय, वकिलानू. तुमच्याकडे खाडी आसा?"

सुकती म्हणजे ओहोटी. अर्धी सुकती म्हणजे आमच्या किनाऱ्यावर घड्याळाइतकी पक्की वेळ. तिथीच्या पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ मिळते, आणि तिथून तीन तासांनी अर्धी सुकती. दाजी मास्तरांनी पंचांग उघडले. त्या दिवशी षष्ठी. साडेचारला भरती, साडेसातला अर्धी सुकती. फौजदार सात ते आठमध्ये मेले. विठू सुटला!

"थांबा," विठूच्या बाजूचा असूनही गणू म्हणाला. त्याच्या घरच्या पंचांगात त्या सकाळी सप्तमी लागली होती. सप्तमी धरली, की अर्धी सुकती सव्वाआठला येते. तोपर्यंत दक्षिण तीरावरून परत येऊन जाळे घेऊन बसायला कोणालाही वेळ होता.

वाचनालयात दोन तट पडले. आवाज चढले. पारूमावशी मध्येच ओरडली, "पाणी कोणाचा पंचांग बघून उतरता रे, मेल्यांनू?"

*

या ठिकाणी मी स्वतः हस्तक्षेप केला, हे मला नमूद केले पाहिजे. कोर्टाला सुकती म्हणजे काय हे कोणी समजावून सांगितलेले दिसत नव्हते. म्हणून मी बचावाच्या वकिलांना एक पोस्टकार्ड लिहिले. त्यात पाऊणपटीचा नियम लिहिला, षष्ठीची वेळ लिहिली. आणि अभ्यासकाने एकच बाजू मांडणे योग्य नव्हे, म्हणून सप्तमीचीही वेळ लिहिली.

दाजी मास्तरांना हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "दुसरी कित्याक लिवलंस? गळ्याक फास लावणारो तू कोण?"

"पण ती शक्यता आहे," मी म्हणालो.

सुभद्रा त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. चार रात्री मला झोप लागली नाही. पाचव्या दिवशी वकिलांचे उत्तर आले. त्यात दोनच वाक्ये होती : "आपल्या कार्डाची पहिली बाजू मिळाली, आभार. दुसरी बाजू टपालात गहाळ झाली, असे समजतो."

*

निकाल लागला. बंदर-कचेरीचे भरतीओहोटीचे कोष्टक कोर्टापुढे आले होते. पार्वतीची साक्ष पूर्णपणे नाकारता येत नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले होते. विठूला संशयाचा फायदा देऊन सोडण्यात आले.

"म्हणजे विठून नाय केल्यान!" गणू ओरडला.

"नाय केल्यान, असा खंय लिवलाहा?" दाजी मास्तरांनी माझ्या हातून कागद ओढून घेतला.

मी पंधरा मिनिटे खुलासा केला. निर्दोष ठरणे वेगळे, गुन्हा शाबीत न होणे वेगळे. एकात न केल्याची खात्री असते, दुसऱ्यात केल्याची खात्री नसते. ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहता पाहता मला स्वतःलाच त्यातील फरक हळूहळू दिसेनासा झाला.

सुभद्रेने सर्व शांतपणे ऐकून घेतले. "भाऊ, तो घराक येतलो मां?"

"येणार. उद्याच."

"मगे फायदो माका दिया," ती उठत म्हणाली, "आणि संशय तुमी वाटून घेवा."

*

दोन महिन्यांनी मला घाटावरच्या एका कॉलेजात नोकरी लागली. घाटावर जाणारी एस. टी. पलीकडच्या तीरावरून सुटे. विठूला त्याची होडी परत मिळाली होती. त्या दुपारी होडीत मी, माझी ट्रंक आणि तो, एवढेच होतो.

खाडीच्या मध्यावर त्याने विचारले, "भाऊ, एक इचारू? पारूमावशेन कोर्टात काय सांगितल्यान?"

मला आश्चर्य वाटले. "तुम्ही तिथेच होता ना?"

"पिंजऱ्यात माका धड आयकाक येय नाय. सगळे जज्जसाहेबाकडे तोंड करून बोलत. आणि गावात आता माज्या म्होरं कोण तो विषय काढणा नाय. तुमी सगळा वाचल्यात, म्हणान इचारलंय."

मला जेवढे आठवत होते, तेवढे मी शब्द न बदलता सांगितले. उत्तर तीरावरची खडपे. अर्धी सुकती. मावशी कालवे काढत होती आणि तुम्ही तिच्यापासून वीस पावलांवर जाळे सांधत बसला होता.

विठूचे वल्हे पाण्याबाहेर आले, ते तसेच राहिले. होडी प्रवाहात किंचित आडवी झाली.

"पारूमावशी? त्या खडपांत?"

"हो."

त्याने मान वळवून उत्तर तीराकडे पाहिले.

"त्या सकाळी थंय कोण म्हणजे कोण नाय होता, भाऊ," तो म्हणाला. "मी दोनदोनदा बघून घेतलेलंय."

मग त्याने वल्हे पुन्हा पाण्यात घातले.

"नीट बसा. हंयसर पाण्याक ओढ आसा."