रोवण्याचं इंग्रजी

धाकट्या बहिणीच्या नववीसाठी आम्ही तीन शाळांत अर्ज केले होते. दोन ठिकाणच्या जागा भरल्या. उरली तुमसरची इंग्रजी माध्यमाची शाळा. माझंही शिक्षण इंग्रजीतच झालेलं, म्हणून आईनं मला सोबत आणलं होतं. पण प्रवेशाच्या मुलाखतीत बोलायचं होतं बहिणीलाच.

मुख्याध्यापिका मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "आई काय करते?"

"रोवणा," बहीण म्हणाली आणि अडली. धानाची रोपं चिखलात लावण्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते मलाही चटकन आठवेना. मग तिनंच शब्द जुळवत सांगितलं, की आई दिवसभर वाकून, मागे मागे चालत रोपं उभी करते.

"काय सांगतलं वं तिनं?" आईनं मला कोपरानं ढोसलं.

"तू उलटी चालतेस म्हणते."

"मंग! सरळ चाललं तं रोप तुडवल्या नाही जाईन?"

मॅडम हसल्या. "बरोबर आहे, ताई. प्रवेश दिला," म्हणत त्यांनी फॉर्म आईच्या सहीसाठी पुढे केला.

आईच्या व्यवसायासमोर मी घरूनच 'गृहिणी' लिहून आणलं होतं. सहीआधी ते खोडून मी 'धानाचा रोवणा' लिहिलं.