शंकासुराची कमांड

ऑफिसात त्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि ते नाव त्याला शोभायचंही. कॉम्प्युटरवरच्या फायली पुसायची, स्वतः लिहिलेली एक कमांड त्याने तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. कमांडपुढे आडवी रेघ आणि एक अक्षर जोडलं की ती वेगळी वागते. त्या अक्षराला म्हणायचं फ्लॅग. एका फ्लॅगने कमांड विचारायची, ‘पुसू?’ दुसऱ्याने ‘नक्की?’ तिसऱ्याने चक्क ‘आईशप्पथ?’ लोक वैतागले, म्हणून त्याने ‘सगळ्याला हो’ असा फ्लॅग दिला. मग त्याचीच धास्ती वाटून त्याने त्या फ्लॅगची खात्री करणारा आणखी एक फ्लॅग बसवला.

आणि शेवटी स्वतःच, सवयीने हो-हो-हो दाबत, बॉस मॅडमचा अख्खा प्रोजेक्ट पुसला.

“तुझीच कमांड, तुझाच प्रश्न, तुझंच उत्तर!” मॅडम कडाडल्या. “सोमवारपर्यंत सुधार, नाहीतर तिला कायमची रजा.”

शंकासुराला रडू कोसळायचंच बाकी होतं. रविवारी डोकं चालेना, तेव्हा त्याला कोपरावर भोकं पडलेला आपला लाडका स्वेटर आठवला. ही कमांड त्याने तोच अंगात घालून लिहिली होती. कपाटात मात्र स्वेटर नव्हता.

“टाकायला काढला,” बायको म्हणाली. ती दातांची डॉक्टर. उपटायच्या बाबतीत कच्ची नव्हती. “विचारलं होतं. तू हं म्हणालास.”

“अगं, मी ऐकलंच नव्हतं!”

“ठाऊक आहे.” तिने पलंगाखालून एक गाठोडं ओढलं. “म्हणून तू ज्याला ज्याला हं म्हणतोस, ते महिनाभर इथे ठेवते. बोंब मारलीस की परत, नाहीतर भंगारात.”

स्वेटर तिथेच होता. शंकासुर तो अंगात चढवून कॉम्प्युटरकडे धावला. सगळे प्रश्न विचारणारे फ्लॅग त्याने एका फटक्यात उडवले. आता कमांड काही न विचारता फाईल अशाच एका गाठोड्यात टाकणार. फ्लॅग दोनच, ‘परत आण’ आणि ‘कायमची घालव’. तो रंगात आलेला असताना बायको दारातून काहीतरी म्हणाली.

“हं,” तो म्हणाला.

सोमवारी कमांडची रजा टळली. मॅडम चक्क हसल्या. शीळ घालत तो घरी आला, तर दिवाणखान्यात मेहुणा उभा, सोबत भलामोठा ड्रमसेट.

“दाजी, महिनाभर राहा म्हणालात, तेही लगेच! ताईला तर खरंच वाटेना.”

शंकासुराने पलंगाखाली वाकून गाठोडं चाचपलं. मेहुणा कसाबसा मावला असता, ड्रम मावणार नव्हते.