समोरून ओढलेली सुतळी

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर बाबांनी घरातले देव पोत्यात भरून वैनगंगेत सोडले. त्यांच्याबरोबर भूत, भानामती, अंगात येणं, सगळंच गेलं. अशा घरातला मी, त्यात शाळामास्तर... त्यामुळे हे लिहिताना हात थांबतो. तरी पाहिलं तेवढं लिहितो.

एकोणीसशे साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. भिलाईत पोलादाचा कारखाना अजून उभा राहत होता. सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरसमोर रस्ता नव्हता, नुसता लाल मुरूम. धाकटा भाऊ मधुकर बांधकामावर रिगर होता, दोरखंडांनी अवजड लोखंड वर चढवायचा. बाळंतपणात त्याची बायको शेवंता गेली, मूलही गेलं. तेव्हापासून तो बोलेना. शेवटी त्याला इस्पितळाच्या मनोरुग्ण वॉर्डात ठेवावं लागलं.

तिथे नागपूरच्या नलूताई ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. हाताला काम मिळालं की माणूस हळूहळू परततो, असं त्या मला समजावत. मधुकरला त्यांनी सुतळीची बाज विणायला दिली. या कामाला दोघं बरे पडतात — एक विणतो, दुसरा समोर बसून सुतळी ताणतो. ताई समोर बसल्या, तर त्यानं मान हलवली.

"थे जागा तिची हाये, ताई. तुमी इकडं बसा."

कितीतरी महिन्यांनी तो बोलला होता. घरी बाज विणताना समोर शेवंता बसायची.

एका रविवारी दुपारी मी गेलो. मधुकर विणत होता, ताई बाजूला उभ्या होत्या, समोर कुणीच नव्हतं.

"वढ नं वं. जेवली नाही का?" असं म्हणून तो चक्क हसला. सुतळी सोडून त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. सैल पडलेली सुतळी समोरच्या लाकडाकडे सरकत घट्ट झाली. मी तिच्यावर बोट ठेवलं. ती बोटाखालून सरकतच राहिली.

"ताई, हे...?"

"मी रोज पाहते, मास्तर. सांगायला गेले तर मलाच इथे भरती करतील." त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तो बोलतोय, जेवतोय. बाज पुरी झाली की डॉक्टर घरी सोडणार आहेत. तुम्ही तेवढंच पाहा."

मी तेवढंच पाहिलं. घरात खिडकीजवळ बाजेपुरती जागाही केली.

बाज पुरी झाली. शेवटची गाठ मारून मधुकरनं समोर पाहिलं.

"गेली, दादा," तो म्हणाला. "काम सरलं म्हून गेली."

काम उरलं तर ती परत येईल म्हणून दुसऱ्या दिवशी ताईंनी स्वतः अख्खी बाज उसवली. "पुन्हा विणू, मधुकर," म्हणाल्या. त्यानं एक फेर घातला. सुतळी लोंबत राहिली. त्यानं शेवंताला हाकही मारली नाही, सुतळी खाली ठेवून दिली. नंतर तो ना बोलला, ना नीट जेवला. हिवाळा सरायच्या आत गेला.

पुढे मी वाचनालयातून पुस्तकं आणून वाचली. शोकात माणसाला काय काय दिसतं, ते त्यांत आहे. बोटाखालून सरकलेल्या सुतळीबद्दल काही नाही.

ती उसवलेली बाज मी घरी आणली. आता भिलाईतच हुडको वसाहतीत राहतो, तिथल्या मागच्या खोलीत ती आहे. घरात कुणी नसलं की कधी दुपारी मी एक फेर घालतो आणि समोर पाहून म्हणतो, "मधू, वढ नं रे."

सुतळी लोंबत राहते. तेव्हा ती कोण ओढत होतं, मला अजून सांगता येत नाही. आता का कुणी ओढत नाही... तेही नाही.