गारंबीच्या बिया

माझ्या मावशीची मुलगी सात वर्षांची. बोलत नाही. गारंबीच्या बिया तिला लागतात, त्या रानातल्या तपकिरी, चपट्या, तळहातभर. ओसरीवर त्यांची रांग मांडते. कोणी रांग मोडली की डोकं भिंतीवर आपटून घेते.

रामनगरला अशा मुलांवर खेळातून उपचार करणारी बाई येते. आमच्या गावाहून, कुंभारवाड्याहून, गाड्या बदलत मावशी मुलीला न्यायची, सोबत मी. बाई म्हणाली, "शिकवायला जाऊ नका. शेजारी बसा, ती करते तेच करा. मग तळवा पुढं धरा आणि थांबा. देईल ती आपणहून."

मावशी रोज जमिनीवर बसून बिया मांडू लागली. लावणीचे दिवस होते. शेतातून परतणाऱ्या बायका ओसरीपाशी थांबत.

"लेक येडी व्हतीच, आता आय बी?"

"मांडू दे की गं, लग्नात आंदण द्यायला व्हतील!"

मावशी मान वर करत नसे. आणि एका संध्याकाळी मुलीनं खरंच तिच्या तळव्यावर एक बी ठेवली. तोंडाकडं बघितलं. मग आणखी एक ठेवली.

त्याच आठवड्यात मावशीच्या थोरल्या दिरांनी देवाला कौल लावला: रानातलं काही पोरीला धरून हाय का? गुरवानं देवाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली. म्हणजे होय. गुरवानं सांगितलं, रानाचं रानाला परत द्यायचं, तेही आईच्याच हातानं.

"देवाला विचारलंत. तिच्या आईला विचारलंत?" मी देवळातच म्हणाले.

"तू शिकल्याली बाई. तुला कुठं नांदायचं हाय ह्या घरात?" दीर म्हणाले. लोक हसले.

मावशीनं बिया ओढ्यात ओतल्या. मुलगी काठावर किंचाळत होती, दोघांनी तिला दाबून धरलं होतं. गारंबी बुडत नाही. बिया तरंगत, तिच्या डोळ्यांसमोरून सावकाश गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून ती गप्प. रांग नाही, भिंतीवर डोकं नाही. मी रानातून नव्या बिया आणल्या, तिनं हात लावला नाही.

"गुण आला!" गाव म्हणालं. दिरांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं, एक तुकडा तिच्याही मुठीत कोंबला.

मावशी तिच्यापुढं जमिनीवर बसली. तळवा धरला आणि थांबली. लोक खोबरं चावत घरी गेले. मूठ उघडली नाही.