दगडाबाईचं ऊन

आमच्या गावातल्या निम्म्या माणसांनी आयुष्यातलं पहिलं गाणं दगडाबाईच्या तोंडून ऐकलंय आणि पहिला धपाटा तिच्याच हातचा खाल्लाय. मी गाण्यात मागं होतो, धपाट्यात पुढं.

येरमाळ्याचा डोंगर जिथून निळा दिसतो तिथं आमचं गाव, आणि गावाच्या तोंडाशी अंगणवाडी. दगडाबाई तिथं तीस वर्षांपासून मदतनीस. सगळे तिला मावशी म्हणतात. पोरं घरोघरी जाऊन गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, हे तिचं सरकारी काम. गाणी रचायची, हे बिनसरकारी. एकदा तपासणीला आलेल्या मॅडमनी विचारलं, "हे गाणं कोणत्या पुस्तकातलं?" मावशी म्हणाली, "चुलीतलं. पुस्तक जळालं, गाणं तेवढं ऱ्हायलं."

माहेर नळदुर्गाकडचं. नवरा ट्रकवर क्लीनर म्हणून हैदराबादच्या वाटेनं गेला आणि परत यायचं विसरला. मूलबाळ नाही, असं कुणी म्हटलेलं तिला खपत नसे. "न्हाय कसं? दरसाली तीस-चाळीस व्हत्यात मला," म्हणायची. भिण्याचं खातं तर तिनं उघडलंच नव्हतं. खिचडीच्या उलथन्यानं मण्यार मारलेली बाई ती.

हिवाळ्यात अंगणवाडीच्या फरशीवर बसवत नाही. मग मावशी पोरांना बाहेर उन्हाच्या भिंतीला लावते आणि 'दगड-दगड' सुरू होतं. खेळ तिनंच काढलेला. आधी ती थंडी होते आणि टाळ्या वाजवत म्हणते:

आली आली हिवाबाई,
धाबळीला भोकं लई,
दात वाजती कडाकड,
जो तो झाला दगड-दगड!

'दगड' म्हणायच्या आत पोरांनी पळून कुठंतरी दडायचं, गुडघ्यात हनुवटी घालून बसायचं आणि गारठून दगड व्हायचं. दगडानं हलायचं नाही, बोलायचं नाही. आई हाक मारो, बाप मारो, कुणी लाडू दाखवो, दगड तो दगड. मग मावशी ऊन होऊन येते:

ऊन आलं, ऊन आलं,
तुरीवरून चालत आलं,
डोक्यावर ठिवला हात,
ऊठ बाळा, सरली रात.

हात लागला की दगड उठतो आणि उन्हाचा पदर धरून मागं चालतो. शेवटी सापडेल तो राजा, त्याला ओंजळभर बोरं.

माझी पुतणी राजनंदिनी, घरातली नंदू, या खेळातली पैलवान. वय साडेचार. एकदा दगड असतानाच तिची चड्डी ओली झाली, पण पोरगी हलली नाही. मावशीनं तिला दोन ओंजळी बोरं दिली आणि सगळ्या पोरांना सांगितलं, "ह्याला म्हंत्यात दगड!"

त्या कौतुकाची आठवण मागच्या येळवशीला आली. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही. रानात कडब्याची कोप उभी करायची, तिच्यावर शाल टाकायची, आत पाच दगड मांडून पुजायचे, आणि भज्जी-आंबील हाणून आडवं व्हायचं. त्या साली आठ दिवसांपासून शिवारात बिबट्या होता. शेजारच्या गावची दोन वासरं गेली होती. पण येळवस चुकवायची तर बिबट्यानं महिनाभर आधी नोटीस द्यायला पाहिजे होती. सगळे रानात गेलेच.

जेवणं झाली. चार वाजता मावशीनं आमच्या रानात अकरा पोरांचा दगड-दगड मांडला. थंडी होऊन गेली. ऊन होऊन तिनं पाच-सहा दगड उठवले असतील, तेवढ्यात माझा थोरला भाऊ, नंदूचा बाप महारुद्र, फोन कानाला तसाच धरून ओरडत आला. "फॉरेस्टच्या गार्डचा फोन हाय! ओढ्याच्या अंगानं खाली उतरलाय म्हणं. बायका-पोरं काढा आधी!"

मग जे झालं त्याला पळापळ हा शब्द लहान पडतो. आंबिलीची घागर फुटली. ज्याच्या हाताला जे पोर लागलं ते त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकलं. मी स्वतः एक पोर उचललं, ते आमचं नव्हतंच. ट्रॅक्टर डांबरीला लागला, तेव्हा सोनाली वहिनीनं विचारलं, "मावशी, नंदू कुठाय?"

"तुझ्यापाशी न्हाय?"

"तुमच्या पदराला व्हती की!"

मावशीनं पदराकडं पाहिलं. पदर मोकळा होता.

आम्ही दहा-बारा जण परत रानात आलो. दिवस कलायला लागला होता. वहिनी बांधावर उभी राहून "नंदे! नंदे गं!" हाक मारत होती. बिबट्या आवाजाला बिचकतो म्हणून बाकीचे थाळ्या बडवत होते. आमची तूर डोक्याइतकी वाढलेली. तुरीच्या दोन ओळींच्या मधून आत पाहिलं की सगळं पिवळट, आणि प्रत्येक पिवळ्यावर ठिपके दिसायचे. एका जागी काहीतरी सळसळलं. महारुद्र कुऱ्हाड घेऊन पुढं गेला. मी मागं राहून थाळी जरा जोरात बडवली. माझं शौर्य तेवढंच. सळसळलं ते डुक्कर निघालं, आणि डुक्कर पाहून मला इतका आनंद पुन्हा कधी व्हायचा नाही.

पाऊण तास झाला. पोरगी ओ देत नव्हती. ओ न देण्याचा अर्थ प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेला होता.

मावशी इतका वेळ बांधाला धरून उभी होती. मण्यार मारलेली ती बाई बांध सोडत नव्हती, आणि बिबट्यापेक्षा मला त्याचंच भ्या वाटलं. एकदम ती म्हणाली, "थाळ्या थांबवा."

"मावशी, खुळ्या झाल्या का?" महारुद्र म्हणाला. "आवाज थांबला की त्यो येईल!"

"आवाज थांबल्याबिगर ती यायची न्हाय. आय हाक मारती, बाप मारतो, ती ओ देणार न्हाय. म्याच शिकवलंय तिला. दगड झालीय ती." मग वहिनीकडं वळून, "सोनाली, गप ऱ्हा बाय. थोडा येळ."

आईला लेकरासाठी ओरडू नको म्हणणं सोपं नसतं. वहिनीनं तोंडात पदर कोंबला. महारुद्रानं माझ्या हातातली थाळी काढून घेतली.

सगळं रान गप्प झालं. मघापासून थाळ्यांच्या आवाजाची भिंत होती आमच्याभोवती, ती पडली. ओढ्याकडून टिटवी ओरडली. मावशीनं तोंड उघडलं. "ऊन..." म्हणाली आणि थांबली. तीस हिवाळे म्हटलेलं गाणं, पण पुढची ओळच सापडेना. "मावशी," मी हळूच म्हणालो, "तुरीवरून चालत आलं." तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी पाच वर्षांचा आहे आणि ओळ चुकलोय. मग आवाज लागला.

ऊन आलं, ऊन आलं...

गात गात ती तुरीत शिरली. दहा पावलं मागं महारुद्र, त्याच्या मागं मी. धीट म्हणून नाही, मागं एकटं थांबायची छाती नव्हती म्हणून. गाणं संपलं की ती थांबायची, कान द्यायची, पुन्हा पहिल्यापासून. तूर संपली. पलीकडं महांतप्पांचं रान, त्यात त्यांची कोप. मावशी कोपीपुढं वाकली. गाणं मधेच तुटलं.

महारुद्रानं माझा दंड धरला. त्याची नखं माझ्या कातड्यात गेली. आमच्यापैकी कुणीच पुढं जाईना. आत काय असेल ते बघायचं नव्हतं.

मग कोपीतून मावशीचा आवाज आला, फाटलेला, पण पूर्ण. "डोक्यावर ठिवला हात, ऊठ बाळा, सरली रात."

"लई येळ लावला मावशी," आतून दुसरा आवाज आला. "मी राजा ना?"

पुजलेल्या पाच दगडांच्या मागं, शालीखाली, गुडघ्यात हनुवटी घालून आमचा सहावा दगड बसला होता. बापानं तिला उचललं, तर ती त्याच्यावरच चिडली. "बोरं कुठायत?"

मावशी मात्र उठेना. कोपीसमोर ढेकळात बसली ती बसलीच. डोळे उघडे, ओठ हलत नव्हते. महारुद्रानं दोनदा हाक मारली. राजनंदिनी त्याच्या कडेवरून खाली उतरली, मावशीच्या पांढऱ्या डोक्यावर तिनं हात ठेवला आणि मोठ्यांदा म्हणाली, "सरली रात!" तेव्हा कुठं मावशी रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी गार्ड आला. कोपीपासून पंधरा-वीस पावलांवर भिजवलेल्या वाफ्यात ठसे होते. तळहाताएवढे. मावशी ठशापाशी उकिडवी बसली आणि तिनं विचारलं, "साहेब, हे ठसं पोर आत बसायच्या आदीचं, का बसल्यावरचं?"

गार्डनं ठशाच्या कडेवरून बोट फिरवलं. "सांगता येत न्हाय, मावशी."

"हलली न्हाय म्हणून वाचली, का हलली न्हाय म्हणून घावणार व्हती?"

त्यानं टेप काढली आणि ठसा मोजायला घेतला.

दगड-दगड अजून चालतो. पण आता मावशी दाराला कडी घालून आतच खेळते, फरशी कितीही गार असो. आधी पोरं मोजते, नंतर मोजते, मधेही मोजते. खेळात एक ओळही वाढलीय. ती पाठ झाल्याशिवाय कुणाला दगड होता येत नाही:

आयनं हाक मारली कानी,
दगडाचं बी झालं पाणी.

आमच्या राजनंदिनीला ही ओळ बिलकूल पसंत नाही. तिच्या मते आता खेळात काही राम उरला नाही. मावशी तिच्याकडून ती रोज दहादा म्हणून घेते, आणि म्हणताना दाराची कडी एकदा हलवून बघते.